धोरण ठरवताना पाळीवरच्या माणसाला बोलवा



पत्रिकेत विषय भारदस्त छापलाय, माझं म्हणणं मात्र साधं आहे. प्रत्यक्ष काम कसं होतं हे ज्यांना ठाऊक, त्यांना वगळून ठरवलेलं धोरण इतिवृत्तातच राहतं. उत्पादन हा कंपनीच्या धोरणातला हरवलेला दुवा आहे, असं हार्वर्डच्या विकहॅम स्किनर यांनी 1969 सालीच मांडलं. ते आपण जाणताच, म्हणून उदाहरणासाठी थेट मदुराईला जाऊ.

1976 साली डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामी यांनी निवृत्तीनंतर 11 खाटांचं अरविंद नेत्र रुग्णालय काढलं. संधिवातानं त्यांची बोटं वाकडी झालेली. टाळता येण्याजोगं अंधत्व घालवायचं आणि ज्याच्याकडे पैसे नाहीत त्यालाही परत पाठवायचं नाही, हे ध्येय. पण सर्जन मोजके, मोतीबिंदूचे रुग्ण अगणित. मग हे साधलं कसं? शस्त्रक्रियागृहात चला. शेजारी-शेजारी दोन टेबलं. एकावर सर्जन मोतीबिंदू काढतोय, तोवर दुसऱ्यावर पुढचा रुग्ण तयार. पहिलं काम संपलं की मायक्रोस्कोप तिकडे वळतो, सर्जनही वळतो. रुग्णाला आणणं, प्राथमिक तपासणी, समजूत घालणं, हत्यारं हातात देणं ही कामं खेड्यापाड्यांतून निवडून शिकवलेल्या मुली करतात. सर्जनचा वेळ फक्त सर्जनच्याच कामाला! त्यामुळे दर शस्त्रक्रियेचा खर्च उतरतो, आणि पैसे भरणाऱ्यांच्या शिलकीत मोफत रुग्णांचं भागतं.

चिठ्ठी आलीय: "डोळे म्हणजे गाडीचे सुटे भाग आहेत का?" (हशा.) हसा, पण प्रश्न रास्त आहे. नाहीत, म्हणूनच तर प्रत्येक पायरी पुनःपुन्हा करून पक्की केलेला हात तिथे हवा. आणि पैसे भरणारा असो वा मोफत, शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर तेच. याला माणुसकीची कमतरता म्हणणं मला मान्य नाही.

पुढे अडचण आली भिंगांची. डोळ्यात बसवायचं परदेशी भिंग गरिबाला परवडेना. 1992 साली ऑरोलॅब काढून अरविंदनं भिंगं स्वतःच बनवायला घेतली. ही नुसती खरेदीखात्याची बाब होती का? मुळीच नाही. गरिबाला कोणता उपचार मिळणार, हेच तिथे ठरलं.

कार्यवाह घड्याळ दाखवताहेत. अमूलचं थोडक्यात सांगतो. हिवाळ्यात दुधाचा महापूर. 1955 साली आणंदला म्हशीच्या दुधाची भुकटी करणारा कारखाना उभा राहिला, म्हणून 'सभासदाचं सगळं दूध घेऊ' हा शब्द अमूलच्या दूध संघाला पाळता आला. बाकीची उदाहरणं सोडून देतो.

इथे साखर कारखान्यांचे संचालक आहेत, बँकांचे आहेत, संस्थाचालक आहेत. त्यांना माझी कळकळीची विनंती आहे. विस्तारवाढीचा ठराव मांडण्याआधी गाळपाच्या पाळीवरच्या माणसाला बैठकीत खुर्ची द्या. तो "हे जमणार नाही" म्हणाला तर त्याला गप्प करू नका, का जमणार नाही ते विचारा. त्याचं उत्तर इतिवृत्तात लिहा, आणि मगच मतदान घ्या.