उन्हाळ्यातला नकाशा

नगररचनेच्या धंद्यातल्या माझ्या सोबत्यांनो,

अधिवेशनाच्या अध्यक्षपदाचा मान दिलात, आभारी आहे. धामणगावकरांच्या पाहुणचारात उणं काढायला जागा नाही. जेवणानंतर भाषण ठेवलं, एवढीच तक्रार. 'नागरी प्रकल्पांतून गट एकत्र कसे शिकतात' याचा तीस वर्षांचा आढावा मला घ्यायला सांगितलं होतं. तो लिहून आणलाय, स्मरणिकेत छापा. मला आज एकच गोष्ट बोलायची आहे. नोकरीत होतो तोवर ती गिळून बसलो.

आपण माणसं बोलावतो ती नकाशा पुरा झाल्यावर.

कायदाही तसाच आहे. 1966 चा प्रादेशिक व नगररचना अधिनियम काढून पाहा. आधी प्रारूप आराखडा प्रसिद्ध होतो, मग हरकती-सूचना, मग नियोजन समितीपुढे सुनावणी. म्हणजे आराखड्यावर नागरिक पहिल्यांदा तोंड उघडतो तो हरकत घ्यायला. फिर्यादी आणि आरोपी एकमेकांकडून काय शिकणार? मुंबईचा प्रारूप आराखडा 2015 च्या फेब्रुवारीत आला, चुकांवरून गहजब झाला आणि एप्रिलमध्ये सरकारने तो नव्याने करायला सांगितला. शाई वाळल्यावर खोडायला गेलं की कागद फाटतोच.

आता माझं पाप सांगतो. वऱ्हाडातल्या एका गावाची योजना माझ्या हातून झाली. नाव विचारू नका. मोजणी एप्रिल-मेमधली. सुनावणीला बाजारातले एक म्हातारे हमाल उठले. नकाशाकडे पाहिलंही नाही. म्हणाले, "सायेब, हा नकाशा उन्हायातला हाये. पावसायात या, मंग काढा." सभागृह हसलं. मीही हसलो. लेखी हरकत नाही म्हणून नोंदही घेतली नाही. कोरड्या नाल्याच्या काठी मी भाजीबाजाराचं आरक्षण टाकलं होतं. ओटे बांधून झाले आणि पहिल्याच जुलैत पाणी ओट्यांवरून गेलं. भाजीवाल्या बाया पुन्हा जुन्या रस्त्यावर जाऊन बसल्या. पुढे त्या हमालांना शोधत गेलो, तर ते वारले होते.

सकाळच्या सत्रात जुंपली होती. एक पक्ष म्हणाला, लोकांना नकाशा कळत नाही. दुसरा म्हणाला, लोकांना नकाशा वाचायला शिकवा. माझ्या मते दोघेही कागदालाच चिकटून बसलेत. नोकरीच्या शेवटच्या काही वर्षांत मी मैदानावर चुन्याची फक्की टाकून रस्ते आखायचो आणि लोकांना त्यावरून चालायला लावायचो. एक बाई कोपऱ्यावर थांबली आणि म्हणाली, "टँकर इथं वयत नाही." माझ्या तीन सहायकांना ते दिसलं नव्हतं.

यात माझी अक्कल काहीच नाही. भायखळ्याच्या फुटपाथवर राहणाऱ्या, 'महिला मिलन'च्या बायांनी ऐंशीच्या दशकातच साडीने मोजून घराचे खऱ्या मापाचे नमुने उभे केले होते. पुढे पुण्यात, येरवड्यात वस्ती जागच्या जागी सुधारायची ठरली, तेव्हा 270 चौरस फुटांचं घर आधी कापडाच्या भिंतींचं उभं राहिलं. बाया आत शिरल्या, मोरी कुठे आणि चूल कुठे यावर बोलल्या. वास्तुरचनाकार शिकले, बायाही शिकल्या. कापडाची भिंत सरकवता येते, हेच त्यातलं मर्म.

दुसरं उदाहरण आपल्या विदर्भातलंच. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाला 2009 मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, हे सगळे सांगतात. त्याआधी तिथे वर्षानुवर्षं अभ्यासगट बसत होता, हे कोणी सांगत नाही. अभ्यासगटात बाहेरचा जाणकारही बसतो, पण निर्णय तिथे होत नाही. निर्णय ग्रामसभेत, तोही सर्वसहमतीने. निर्णय घ्यायचा नसला की माणूस "मला माहीत नाही" म्हणू शकतो. आपल्या सुनावणीत हे वाक्य कोणी उच्चारल्याचं मला आठवत नाही. मी स्वतः तर कधीच उच्चारलं नाही.

आणि गाडगेबाबा तर आपल्याच अमरावती जिल्ह्याचे, शेंडगावचे. दिवसा खराटा घेऊन गाव झाडायचे, रात्री कीर्तनात लोकांनाच प्रश्न विचारायचे. गाव झाडताना ज्याने कोपरान्‌कोपरा पाहिला, त्यालाच नेमका प्रश्न सुचतो. आपण मात्र गाडीच्या काचेतून पाहतो आणि उत्तरं घेऊन उतरतो.

आता कामं. प्रत्येक नगर परिषदेत, आराखड्याच्या आधी, एक अभ्यासगट बसावा; हमाल, भाजीवाल्या, सफाई कामगार त्यात हवेत. चुकांची एक वही ठेवावी, अधिकाऱ्याची बदली झाली तरी ती गावातच राहावी. हे कोणी आणि कधी करायचं, ते कार्यकारिणीने पाहावं. माझं वय झालं.

एक विनंती मात्र आहे. आपली अधिवेशनं नेहमी हिवाळ्यात होतात. पुढचं आषाढात घ्या, नाल्याकाठच्या एखाद्या गावात. छत्री विसरू नका.