वल्हांडण कोठे करावा?

कोकणातले एखादे बेने इस्राएल कुटुंब नोकरीनिमित्त आपल्या चंद्रपुरात आले, तर वल्हांडणाचा सण त्याने येथे करावा, की गावी जावे?

या सणाचा मुख्य विधी घरीच होतो. बिनखमिराची भाकरी व हागादाची पोथी हवी. पुण्यास १८७४ साली ती मराठी भाषांतरासह छापली गेली. तेव्हा येथे राहण्यास धर्माची आडकाठी नाही.

परंतु त्या रात्री लहान मुलाने प्रश्न विचारायचे आणि वडीलधाऱ्यांनी मिसरातील दास्यातून सुटल्याची कथा सांगायची. सांगणारे आजोबा अलिबागेस एकटेच असतील, तर त्यांना येथे आणावे. ते न जमल्यास आपण जावे. मुलाची परीक्षा आड येईल, रजाही कापली जाईल. परीक्षा पुढल्या वर्षीही असेल; आजोबा असतीलच असे नाही.