तुरुंगातला पट

ऑक्टोबर 2023 मध्ये पुण्याच्या येरवडा कारागृहातल्या कैद्यांच्या संघानं बुद्धिबळाचं सुवर्णपदक जिंकलं. कैद्यांसाठीची आंतरखंडीय ऑनलाइन स्पर्धा होती ती. आदल्या वर्षी याच स्पर्धेत येरवड्याला कांस्यपदक मिळालं होतं. खर्च म्हणावा तर पट, सोंगट्या, संगणक आणि शिकवणारा माणूस. इंडियन ऑइलनं 2021 मध्ये सुरू केलेल्या ‘परिवर्तन’ उपक्रमाचा या यशाला हातभार होता.

कैद्यांच्या खेळावर सरकारी पैसा कशाला, असं अनेकजण विचारतात. वास्तविक कैद्यांवरच्या खर्चात सर्वांत मोठा वाटा जेवणाचा असतो. खेळ आणि करमणूक कल्याणाच्या छोट्याशा रकमेत बसवावी लागते. आणि कैदी म्हणजे कोण? आपल्या देशात चारांपैकी जवळपास तिघं कच्चे कैदी आहेत, त्यांचा गुन्हा अजून सिद्धच झालेला नाही! संयुक्त राष्ट्रांनी 2015 मध्ये स्वीकारलेले मंडेला नियम, बाहेर काम नसलेल्या प्रत्येक कैद्याला हवामान ठीक असेल तर रोज किमान एक तास मोकळ्या हवेत व्यायाम मिळावा, असं सांगतात. गर्दीनं फुगलेल्या बराकीत राहणाऱ्याला त्या एका तासाची किंमत विचारा. मला तरी हा खर्च चैनीचा वाटत नाही.