पूर्वसूचनेचा शेजारधर्म

शेजाऱ्याच्या घराला आग लागली असतां घागर घेऊन धांवत जाणें हा आपल्याकडे सर्वमान्य शेजारधर्म आहे. त्या वेळीं बांधाचें भांडण, भाऊबंदकीचा दावा, कोर्टांतली तारीख, यांपैकीं कशाचीहि आठवण कोणी काढीत नाहीं. परंतु शेजारधर्माचें याहून अवघड असें दुसरें एक अंग आहे. शेजाऱ्याच्या गवताच्या गंजीवर ठिणगी पडलेली आपल्या ओट्यावरून दिसली, तर आग भडकण्यापूर्वीच त्यास हांक मारणें, हें तें अंग होय. आग विझविण्यास धांवणाऱ्याचें कौतुक सारा गांव करतो. हांक मारणाऱ्याचें नांव सहसा कोणास ठाऊक नसतें. कारण त्याची हांक वेळेवर ऐकली गेली म्हणजे सांगण्याजोगें कांहीं घडतच नाहीं. राष्ट्राराष्ट्रांमध्यें व राज्याराज्यांमध्यें संकटकाळीं जें सहकार्य चालतें त्याचींहि हींच दोन अंगें आहेत. त्यांपैकीं दुसऱ्याकडे आपलें लक्ष किती कमी असतें, हें आज मला आपणांपुढें मांडावयाचें आहे.

पहिल्या अंगाचीं उदाहरणें विपुल आहेत. १९०६ सालच्या मार्च महिन्याच्या १० तारखेस उत्तर फ्रान्समधील कूरियेर येथील कोळशाच्या खाणींत भयंकर स्फोट होऊन १,०९९ माणसें मृत्युमुखीं पडलीं. मोरोक्कोच्या प्रश्नावरून फ्रान्स व जर्मनी यांचे संबंध त्या वेळीं अत्यंत ताणलेले होते. असें असतांहि थोड्याच दिवसांत जर्मनीच्या वेस्टफालिया प्रांतांतून खाणकामगारांचें बचावपथक सरहद्द ओलांडून त्या खाणीच्या तोंडाशीं उभें राहिलें. विषारी वायूंत श्वास घेतां येईल अशीं उपकरणें त्या पथकाजवळ होतीं, आणि तीं वापरण्याचा सराव त्या माणसांना आधींपासून होता. येथें एक गोष्ट ध्यानांत धरण्यासारखी आहे. नुसत्या कळवळ्यानें त्या भुयारांत कोणासहि उतरतां आलें नसतें. कळवळ्याच्या मागें पूर्वतयारी होती, म्हणूनच तो उपयोगी पडला. अलीकडच्या काळांत २५ एप्रिल २०१५ रोजीं नेपाळांत भूकंप झाला, तेव्हां भारताचीं विमानें त्याच दिवशीं मदत घेऊन काठमांडूस उतरलीं. अशा प्रसंगांचें मोल कमी लेखण्याचें कारण नाहीं.

परंतु मदत कितीहि त्वरेनें आली तरी ती संकटाच्या मागूनच येते. संकटाच्या पुढें धांवूं शकते ती केवळ वर्दी. आणि भूकंपाची वर्दी देणें मनुष्याच्या हातीं नसलें, तरी पुराची वर्दी देणें बहुतेक वेळीं त्याच्या हातीं असतें. पाणी वरून खालीं येतें. त्यास वाट चालावी लागते. आणि पाण्याहून तारेची, दूरध्वनीची वा बिनतारी संदेशाची गति अनेक पटींनीं अधिक आहे. मग वर्दी अडते कोठें? ती अडते सरहद्दीवर.

हिमालयांतील दोन नद्यांची हकीकत या दृष्टीनें फार बोधप्रद आहे. २००० सालच्या एप्रिलमध्यें तिबेटांतील यिगाँग नदीवर डोंगराचा प्रचंड कडा कोसळून तिचा प्रवाह अडला. जवळजवळ दोन महिने त्या दरडीमागें पाणी सांचत राहिलें. जूनच्या १० तारखेस तो नैसर्गिक बांध फुटला आणि अरुणाचल प्रदेशांतील सियांग नदीच्या खोऱ्यांत हाहाकार उडाला. दोन महिने भरत असलेल्या तळ्याची रीतसर वर्दी खालच्या गांवांपर्यंत पोंचली नाहीं. त्याच वर्षीं ३१ जुलै व १ ऑगस्ट यांच्या मधल्या रात्रीं सतलज नदी एकाएकीं फुगली. ही नदी तिबेटांतून हिमाचल प्रदेशाच्या किन्नौर जिल्ह्यांत उतरते. लोक झोंपेंत असतांना पाण्याचा लोंढा आला. पूल, रस्ते व घरें वाहून गेलीं आणि शंभरांहून अधिक माणसें प्राणांस मुकलीं.

यानंतर चार वर्षांनीं त्याच प्रदेशांत पुन्हां परीक्षेचा प्रसंग आला. पारेचू नांवाची एक लहानशी नदी आहे. ती भारतांत उगम पावून तिबेटांत जाते, तेथून वळून पुन्हां भारतांत येते आणि स्पितीस मिळते. स्पिती पुढें सतलजेस मिळते. २००४ च्या उन्हाळ्यांत तिबेटच्या हद्दींत या पारेचूवर दरड कोसळून मोठें तळें सांचलें. या वेळीं मात्र चीननें तें भारतास कळविलें. उपग्रहांच्या साह्यानें भारतीय शास्त्रज्ञांनीं त्या तळ्याच्या विस्तारावर नजर ठेवली आणि नदीकांठच्या वस्त्यांना सावध करण्यांत आलें. २६ जून २००५ रोजीं तें तळें फुटलें. पूल गेले, सडका खचल्या, पुष्कळ वित्तहानि झाली. परंतु मनुष्यहानि झाली नाहीं. खोरें तेंच, नदी तीच. एका खेपेस शंभरांहून अधिक बळी पडले, दुसऱ्या खेपेस एकहि नाहीं. दोहोंमधील अंतर एका वर्दीचें होतें.

ही वर्दी म्हणजे कोणी थोर मनाच्या अधिकाऱ्यानें मध्यरात्रीं केलेला उपकार, अशी कल्पना आपण करून घेऊं नये. तिच्या मागें करार असतात, आणि ते वाचावयास अत्यंत नीरस असतात. २००२ सालीं भारत व चीन यांच्यामध्यें ब्रह्मपुत्रेविषयीं असा एक करार झाला. तिबेटांतील तीन ठिकाणीं नदीची पातळी व प्रवाह मोजावयाचा आणि १ जून ते १५ ऑक्टोबर या काळांत ते आंकडे भारतास पुरवावयाचे, असें त्यांत ठरलें. सतलजेविषयीं असाच करार २००५ सालीं झाला. दिवसामागून दिवस आंकडे यावेत, त्यांत कांहींहि विशेष नसावें, कारकुनानें ते वहींत उतरून घ्यावेत. आणि एखाद्या दिवशीं त्याच वहीवरून हजारों माणसांचा जीव वांचावा, असा हा मामला आहे. रोज येणारा आंकडा एखाद्या दिवशीं आला नाहीं, तर तीसुद्धां एक वर्दीच असते.

मात्र जें करारावर उभें असतें तें करारासारखेंच नाजूक असतें. २०१७ सालीं डोकलाम येथें दोन्ही देशांचीं सैन्यें समोरासमोर उभीं राहिलीं; त्या वर्षीं पावसाळ्यांत चीनकडून हे आंकडे आले नाहींत. सतलजेच्या कराराची मुदत २०२० मध्यें व ब्रह्मपुत्रेच्या कराराची २०२३ मध्यें संपली. मुदत संपते ती कागदाची. पाऊस व दरडी यांना मुदत नसते.

वर्दी असूनहि तिचा उपयोग करण्याची व्यवस्था नसेल तर काय होतें, हें कोसी नदीनें दाखवून दिलें. या नदीविषयीं भारत व नेपाळ यांच्यामध्यें १९५४ सालीं करार झाला आणि १९६६ मध्यें त्यांत सुधारणा करण्यांत आली. सरहद्दीवर भीमनगर येथें ५६ दरवाजांचा बंधारा बांधला गेला. त्याच्या वरच्या अंगाचे मातीचे बांध नेपाळच्या भूमीवर असले, तरी त्यांच्या डागडुजीचा भार भारताकडे आहे. १८ ऑगस्ट २००८ रोजीं नेपाळांतील कुसहा येथें पूर्वेकडचा बांध फुटला. नदीला त्या दिवशीं फार मोठा पूर होता असेंहि नाहीं. सेकंदाला साडेनऊ लाख घनफूट पाणी पेलण्याच्या हिशेबानें केलेली रचना सुमारें दीड लाखांतच खचली. फुटण्यापूर्वी कित्येक दिवस नदी त्या जागीं बांध कातरीत होती आणि तें दिसतहि होतें. परंतु दुरुस्ती करावयाची म्हणजे माणसें, दगड व तारेच्या जाळ्या परक्या हद्दींत न्यावयाच्या, तेथील लोकांशीं व अधिकाऱ्यांशीं बोलणीं करावयाचीं; तें वेळेवर साधलें नाहीं. नदी आपल्या जुन्या पात्रांत शिरली. बिहारमधील सुपौल, मधेपुरा, अररिया आदि जिल्ह्यांतील तीस लाखांहून अधिक लोक आणि नेपाळच्या सुनसरी जिल्ह्यांतील हजारों लोक संकटांत सांपडले. त्यानंतर दोन्ही बाजूंनीं एकमेकांकडे बोट दाखविलें. संकट ओसरल्यावर बोट दाखविणें सोपें असतें. तें येण्यापूर्वी कोणीं काय करावयाचें हें ठरवून ठेवणें कठिण असतें.

जी गोष्ट नदीची तीच समुद्राची. २६ डिसेंबर २००४ रोजीं सुमात्राजवळ समुद्रतळीं भूकंप झाला. तामिळनाडूच्या किनाऱ्यावर त्सुनामीच्या लाटा येण्यास सुमारें दोन तास लागले. भूकंप झाल्याचें प्रशांत महासागरांतील हवाई बेटावरच्या केंद्रास थोड्याच मिनिटांत समजलें होतें. पण हिंदी महासागराकांठच्या देशांत तें कोणाला कळवावें, याची व्यवस्थाच नव्हती. त्या दिवशीं दोन लाखांहून अधिक माणसें गेलीं. २००७ सालीं हैदराबाद येथें भारताचें पूर्वसूचना केंद्र सुरू झालें आणि २०११ पासून भारत, इंडोनेशिया व ऑस्ट्रेलिया हे तीन देश या महासागराकांठच्या इतर राष्ट्रांनाहि सूचना देऊं लागले. ही सुधारणा उत्तम आहे. पण तिची किंमत आधीं मोजली गेली.

आतां आपल्या घराकडे वळूं. सरहद्द दोन राष्ट्रांमध्येंच असते असें नाहीं. कृष्णा महाबळेश्वरीं उगम पावते, कराडास कोयनेला, सांगलीजवळ वारणेला आणि नरसोबाच्या वाडीस पंचगंगेला घेऊन कर्नाटकांत जाते. वर कोयनेच्या धरणांत १०५ अब्ज घनफूट व खालीं कर्नाटकांतील अलमट्टीच्या धरणांत १२३ अब्ज घनफूट पाणी मावतें. मधल्या पट्ट्यांत सांगली, मिरज, शिरोळ येथील दाट वस्ती आहे. ऑगस्ट २०१९ मध्यें सांगलीच्या आयर्विन पुलापाशीं पाण्यानें ५७ फुटांची खूण ओलांडली. तेथें धोक्याची पातळी ४५ फूट आहे. कोल्हापुरास राजाराम बंधाऱ्यापाशीं, जेथें धोक्याची पातळी ४३ फूट, तेथें पाणी ५५ फुटांच्या वर गेलें. अलमट्टीच्या फुगवट्यामुळें पूर चढतो असें अलीकडचे लोक म्हणतात. वरच्या धरणांतून एकदम पाणी सोडल्यानें आमचीं गांवें बुडतात असें पलीकडचे म्हणतात. या वादाचा निकाल येथें देण्याचा माझा अधिकार नाहीं. परंतु वाद कोणाच्याहि बाजूनें सुटला, तरी एक गरज कायमच राहते: कोयनेंतून किती पाणी सोडलें हें अलमट्टीस, आणि अलमट्टींतून किती सोडलें हें सांगलीस, तासातासाला कळलें पाहिजे. जून २०२१ मध्यें महाराष्ट्राचे जलसंपदामंत्री व कर्नाटकाचे मुख्यमंत्री यांची याच कामासाठीं बेंगळुरूस भेट झाली. पुढच्या महिन्यांतच पुन्हां महापूर आला. ती भेट पूर ओसरल्यावर झाली असती तर तिला शिळोप्याच्या गप्पांहून अधिक किंमत राहिली नसती.

कोणी म्हणेल, वरच्या अंगाला राहणाऱ्यानें खालच्याची एवढी काळजी कां वाहावी? याचें उत्तर असें कीं, कायमचा वरचा असा कोणीच नाहीं. कृष्णेवर महाराष्ट्र वर आहे. पण तापी मध्य प्रदेशांतून खानदेशांत येते आणि पुढें उकाई धरणांतून सुरतेस जाते, म्हणजे तेथें आपण एकाच्या खालीं व दुसऱ्याच्या वर आहों. ब्रह्मपुत्रेवर भारत चीनच्या खालीं व बांगलादेशाच्या वर आहे. आपण खालच्याशीं जसें वागूं, तसेंच वरच्यानें आपल्याशीं वागावें असें म्हणण्याचा अधिकार आपणांस मिळतो.

दुसरा एक आक्षेप याहून तिखट आहे. ज्याच्याशीं वैर आहे, त्यास आपल्या नदीचे आंकडे कां द्यावेत? २०२५ च्या एप्रिलमध्यें पहलगाम येथील हत्याकांडानंतर भारतानें पाकिस्तानशीं झालेला १९६० चा सिंधु-जलकरार स्थगित केला आणि मे महिन्यांत दोन्ही देशांत शस्त्रांची चकमक झाली. तरीहि त्याच वर्षाच्या ऑगस्टमध्यें तवी नदीस मोठा पूर येण्याचा संभव दिसतांच भारतानें इस्लामाबाद येथील आपल्या वकिलातीमार्फत ती वर्दी पाकिस्तानास पोंचविली. करार बाजूस ठेवला होता, माणुसकी ठेवली नव्हती. मात्र अशी वर्दी देणाऱ्याच्या मर्जीवर अवलंबून असते. मर्जी आज असते, उद्यां नसते. म्हणूनच ती नियमांत बांधून घ्यावयाची असते.

श्रोतेहो, तहान लागल्यावर विहीर खणूं नये, हें आपण मुलांना शिकवितों. फाल्गुन-चैत्रांत नदीचें पात्र कोरडें असतें आणि भांडणेंहि थंडावलेलीं असतात. दोन्ही तीरांवरच्या अधिकाऱ्यांनीं एकत्र बसण्याचे ते दिवस होत. कोणत्या ठिकाणची पातळी, किती वाजतां, कोणीं, कोणास कळवावयाची. तो माणूस जागेवर नसेल तर दुसरा कोण. आणि कचेरींत आलेला आंकडा नदीकांठच्या शेवटच्या वाडीपर्यंत कोणत्या वाटेनें जावयाचा, हें त्या वेळींच ठरलें पाहिजे. आपण सामान्य नागरिकांनीं आपल्या प्रतिनिधींना दर उन्हाळ्यांत एवढाच प्रश्न विचारावा: यंदाची बैठक झाली काय? पूर आल्यावर शिधा व घोंगड्या वांटणारे हात आपल्या देशांत पुष्कळ आहेत. ते हात रिकामे राहावेत, अशी व्यवस्था करणारीं माणसें त्याहून अधिक हवीं आहेत.