शिष्यवृत्ती : फीची आणि भाकरीची

(सुवर्णमहोत्सवी समारंभातील भाषण)

खेड्यातील मुलगा बारावीला उत्तम गुण मिळवितो. शहरातील नामांकित महाविद्यालयात त्याला प्रवेश मिळतो, गावात पेढे वाटले जातात. आणि दिवाळीच्या सुट्टीत घरी आलेला तोच मुलगा पुन्हा कॉलेजला जात नाही. चौकशी केली असता दरवेळी फी हेच कारण निघते असे नाही. फी कशीबशी भरलेली असते. अडलेले असते ते खोलीचे भाडे, खानावळीचे थकलेले बिल आणि एस.टी.चा पास. शिष्यवृत्ती हा शब्द उच्चारला की दात्याच्या डोळ्यांपुढे फीची पावती येते. मुलाच्या आईला मात्र रात्रीच्या जेवणाची चिंता असते.

ही गोष्ट एका शतकापूर्वी कोल्हापुरात ओळखली गेली होती. शाळा काढली म्हणजे काम संपले असे राजर्षी शाहू महाराजांनी मानले नाही. शहरात अंग टाकावयास जागा आणि दोन वेळचे अन्न मिळाल्याखेरीज शेतकऱ्याचे पोर शिकणार नाही हे जाणून त्यांनी निरनिराळ्या समाजांच्या वसतिगृहांना आश्रय दिला. १९०१ मध्ये मराठा बोर्डिंग आणि दिगंबर जैन बोर्डिंग सुरू झाले. मुंबईचे जवाहिरे सेठ माणिकचंद हिराचंद यांनी तर ठिकठिकाणी जैन बोर्डिंगे उभी करण्यासाठी मुक्तहस्ते पैसा दिला. व्यापाऱ्याने शिक्षणासाठी धर्मशाळेसारखी वास्तू बांधावी, ही कल्पना त्या काळी नवीन होती.

त्या जैन बोर्डिंगमध्ये कुंभोजचा एक विद्यार्थी राहत असे. २२ सप्टेंबर १८८७ रोजी जैन शेतकरी कुटुंबात जन्मलेला हा मुलगा म्हणजे पुढचे कर्मवीर भाऊराव पाटील. अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी निघालेल्या मिस क्लार्क बोर्डिंगच्या समारंभास ते गेले, परतल्यावर शुद्धीसाठी स्नान करण्यास त्यांनी नकार दिला आणि त्यांना बोर्डिंग सोडावे लागले. समाजाच्या समारंभांतून हा प्रसंग सहसा सांगितला जात नाही, कारण तो भूषणावह नाही. परंतु भाऊरावांचे नाव अभिमानाने घ्यावयाचे आणि हे मात्र वगळावयाचे, हे योग्य नव्हे.

१९१९ मध्ये विजयादशमीस त्यांनी काले येथे रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली. १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह सुरू झाले, आणि १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहू महाराजांचे नाव देण्यात आले. सर्व जातिधर्मांची मुले तेथे एकत्र राहत, एकत्र जेवत. मुलांची संख्या वाढली, उत्पन्न वाढले नाही. तेव्हा पत्नी लक्ष्मीबाईंनी माहेरचे, सासरचे दागिने एकेक करून दिले. अखेरीस मंगळसूत्रही गेले. हे सोने कशासाठी मोडले गेले? पाट्या-पुस्तकांसाठी नव्हे, तर कोठीतील धान्य संपले होते म्हणून. पुढे १९४७ मध्ये साताऱ्यास छत्रपती शिवाजी महाविद्यालय निघाले ते 'कमवा आणि शिका' या तत्त्वावर चालणारे निवासी महाविद्यालय म्हणून. विद्यार्थी शेतात राबत आणि वर्गात बसत. पुण्यात डॉ. अच्युत आपटे यांच्या पुढाकाराने १९५५ मध्ये स्थापन झालेल्या विद्यार्थी साहाय्यक समितीनेही ग्रामीण विद्यार्थ्यांच्या राहण्या-जेवणाचाच प्रश्न हाती घेतला.

आज शासनाच्या योजना पुष्कळ आहेत. फीचा मोठा वाटा त्यांतून सुटतो. आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या, आर्थिकदृष्ट्या दुर्बल व मागास प्रवर्गांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क २०२४-२५ या वर्षापासून पूर्ण माफ झाले. ही फार मोठी सोय आहे. तथापि मुलीला परगावी पाठविताना वडील पहिला प्रश्न फीचा विचारीत नाहीत. ती राहणार कोठे, हा विचारतात.

वसतिगृह निर्वाह भत्त्याच्याही योजना आहेत, पण त्यांना उत्पन्नाचा दाखला, अधिवास, आधारशी जोडलेले खाते हे सर्व लागते, आणि रक्कम खात्यात येईपर्यंत पुष्कळदा वर्ष सरत आलेले असते. खानावळवाला तितके थांबत नाही. खानावळीचे महिना तीन हजार धरले तरी दहा महिन्यांचे तीस हजार होतात. त्यातील पहिला हप्ता जून-जुलैत, पेरणीच्या तोंडावर द्यावा लागतो, जेव्हा बी-खतात घरातील सारी रोकड गेलेली असते. सोयाबीनचा पैसा दिवाळीस आणि उसाचा त्याहून उशिरा. पैसा नसतोच असे नाही. तो वेळेवर नसतो. उधारी आणि हंगाम यांचा हिशेब ज्यांना ठाऊक आहे अशा व्यापारी मंडळींना हे समजावून सांगण्याची आवश्यकता नाही.

आणि तरीही बहुतेक समाजसंस्था करतात काय? महावीर जयंतीस, म्हणजे शैक्षणिक वर्ष संपता संपता, भव्य समारंभात धनादेश देतात. हार-तुरे, छायाचित्रे, भोजन. मुलगा त्यासाठी गावाहून एक दिवस मोडून येतो. रक्कम गुणानुक्रमे ठरलेली असते, त्यामुळे शहरात आई-वडिलांकडे राहणाऱ्या विद्यार्थ्यास अधिक आणि परगावी खोली घेऊन राहणाऱ्यास कमी, असेही घडते. दात्यांच्या हेतूविषयी शंका नाही. रीतच तशी पडली आहे.

ही रीत बदलण्यास फार खर्च लागत नाही. अर्ज मे महिन्यात मागवावेत, निर्णय जूनमध्ये व्हावा. रक्कम एकदम हाती न देता वसतिगृहाकडे वा खानावळीकडे दरमहा परस्पर भरावी. ज्यास एकदा निवडले त्यास पदवी पूर्ण होईपर्यंत सांभाळावे. पहिल्या वर्षी देऊन दुसऱ्या वर्षी नवे नाव घेतल्याने दोघेही अर्ध्यावर राहतात. त्यासाठी पन्नास मुलांऐवजी वीसच घ्यावी लागली तरी चालेल, जरी अहवालात तो आकडा लहान दिसेल. गावोगावच्या तरुण मंडळाने दाखले व ऑनलाइन अर्ज भरून देण्याचे काम अंगावर घ्यावे. आणि समारंभ हवाच असेल तर तो जे शिकून बाहेर पडले त्यांचा करावा. ज्यांचे शिक्षण चालू आहे त्यांची नावे फलकावर लिहू नयेत.

अर्जाच्या नमुन्यात पहिला रकाना गुणांचा असतो. तो खाली घ्यावा आणि वर दोन प्रश्न छापावेत : राहण्याची सोय कोठे आहे? जेवणाची सोय कोठे आहे?