गव्हाचे वाण : संशोधन केंद्रापासून शेताच्या बांधापर्यंत

(वाराणसी येथे विद्यार्थ्यांपुढे दिलेल्या व्याख्यानाचा संपादित अंश)



गागाभट्टांमुळे काशी मराठी मनाला जवळची आहे. आज तिची वेगळी ओळख करून घेऊ. १९१६ मध्ये स्थापन झालेल्या बनारस हिंदू विद्यापीठाच्या कृषी विज्ञान संस्थेत गव्हावर दीर्घकाळ संशोधन होत आले आहे.

पूर्व उत्तर प्रदेशात गव्हापुढे दोन मुख्य अडचणी आहेत. पहिली वेळेची. भाताची कापणी लांबली की गव्हाची पेरणी डिसेंबरात जाते, आणि दाणे भरण्याच्या काळातच मार्चचे ऊन तापू लागते. परिणामी दाणा बारीक राहतो. दुसरी अडचण म्हणजे उबदार, दमट हवेत पसरणारा पानांवरील करपा. या रोगाचा प्रतिकार मुख्यतः अनेक जनुकांच्या एकत्रित परिणामावर अवलंबून असतो. त्यामुळे संकरानंतर निवडीचे काम पिढ्यान्‌पिढ्या, प्रत्यक्ष शेतातच करावे लागते.

उशिरा पेरणीला मानवणारे 'मालवीय २३४' हे याच विद्यापीठाचे वाण या भागात लोकप्रिय झाले. मात्र त्याची रोगप्रतिकारशक्ती उणी ठरू लागल्यावरही अनेक शेतकरी तेच पेरत राहिले. त्यामागे अज्ञान नव्हते. अल्पभूधारकाला एक हंगामही गमावणे परवडत नाही. म्हणूनच शेतकऱ्यांच्याच शेतात नवी वाणे लावून निवड त्यांच्यावर सोपविण्याची पद्धत येथे महत्त्वाची ठरली. भातानंतर नांगरट न करता थेट पेरणी केल्यास वेळ आणि डिझेल दोन्ही वाचतात.

आता अर्थशास्त्राचा मुद्दा. गहू स्वपरागित पीक आहे. शेतकरी घरचे बियाणे पुन्हा वापरू शकतो. साहजिकच खासगी कंपन्यांना त्यात मर्यादित नफा दिसतो. म्हणून गव्हाचे संशोधन प्रामुख्याने सार्वजनिक निधीवर चालते. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेचे 'एमएसीएस ६४७८' हे वाण याचेच उदाहरण होय. हा खर्च टाळण्याची किंमत मोठी असते. मार्च २०२२ मधील उष्णतेने पिकाला फटका बसला आणि १३ मे २०२२ रोजी केंद्राला गव्हाच्या निर्यातीवर बंदी घालावी लागली.

तेव्हा अभ्यास करताना उत्पादन आणि उत्पादकता यांतील भेद ध्यानात ठेवा. क्षेत्र वाढविण्यास आता फारसा वाव नाही. हेक्टरी उत्पादकता वाढवायची, तीही पाणी आणि माती राखून, हाच पुढील मार्ग आहे. नवे वाण प्रसारित झाले म्हणजे काम संपले, असे नव्हे. ते लहान शेतकऱ्याच्या शेतात वेळेवर पेरले गेले, तरच संशोधन सार्थकी लागते.