समुद्र डाव्या हाताला
(स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



संयोजकांनी फोनवरच सांगून ठेवलं होतं की नोकरीबद्दल कुणी बोलायचं नाही, पगाराबद्दल तर मुळीच नाही. दहा मिनिटं आणि आवडीचा विषय. मी विषय सांगितला, ‘मॉरिशसमध्ये गाडीचा रस्ता कसा आखावा’. पलीकडून जरा वेळ काही आवाजच आला नाही. मग प्रश्न आला, ‘आपल्यातलं कोण चाललंय मॉरिशसला?’

जाईल की कुणीतरी. विमानाच्या तिकिटाचे पैसे जमले की झालं, आधी व्हिसा काढायचीही भानगड नाही. आणि नाही गेलं तरी रस्ता हा विषय मांजरसुंब्याच्या माणसाला परका नाही. आपण चौकात वाढलेली माणसं. एक वाट बीडला, एक चौसाळ्याकडून सोलापूरला, एक पाटोद्याकडून नगरला, एक केज-अंबाजोगाईला. कुठली एसटी कुठल्या बाजूने येणार, हे आपल्याला पाढ्यांच्या आधी पाठ होतं.

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही चौघं गेलो: मी, नवरा, मुलगी आणि माझी आई. गाडी भाड्याने घ्यायची आणि चालवायची मी, असं ठरलं होतं. तिथेही गाड्या डावीकडूनच चालतात, त्यामुळे आपल्या माणसाला हात बसायला वेळ लागत नाही. फक्त पावलोपावली गोल चौक आहेत आणि तिथे उजवीकडून येणाऱ्याला आधी वाट द्यायची असते. आपल्याकडे ती मोठ्या गाडीला देतात.

बेट लहान आहे. उत्तर-दक्षिण साधारण 65 किलोमीटर, पूर्व-पश्चिम 45. आपल्या बीड जिल्ह्यात असली पाच बेटं आरामात मावतील. म्हणून लोक म्हणतात, आखायचं काय त्यात, एका दिवसात फिरून होतं. फिरून होतं, पण दिसत काही नाही. कारण फोनमधल्या नकाशाला रस्ता विचारला की तो बिचारा विमानतळावरून थेट बेटाच्या मधून जाणाऱ्या मोठ्या हमरस्त्यावर नेऊन घालतो.

इथे माझ्या धंद्यातली एक गोष्ट सांगते, एकच. हे नकाशे ज्या रीतीने रस्ता शोधतात तिचं मूळ डाइक्स्ट्रा नावाच्या डच शास्त्रज्ञाकडे जातं. 1956 साली अ‍ॅमस्टरडॅममध्ये कॉफी पिता पिता वीसेक मिनिटांत त्यांनी ती मनातल्या मनात, कागद-पेन्सिल न घेता शोधली. दोन गावांमधला सगळ्यात जवळचा रस्ता कोणता, एवढाच प्रश्न होता. रीत अशी की रस्त्याच्या प्रत्येक तुकड्याला एक किंमत द्यायची आणि कमीत कमी बेरीज होईल ती वाट निवडायची. किंमत कशाची धरायची, हे मात्र ती रीत सांगत नाही. ते आपण सांगायचं. फोनवाल्यांनी ती मिनिटांची धरली आहे.

आमच्या घरात किंमत वेगळीच निघाली. आईचे गुडघे असे की तासाभरात खाली उतरून चार पावलं टाकलीच पाहिजेत. मुलीला घाटात गाडी लागते. नवऱ्याला प्रत्येक वळणावर फोटो. आणि मला अंधार पडल्यावर अनोळखी अरुंद रस्त्यावर गाडी चालवायची नव्हती. नोव्हेंबरात तिथे सव्वासहा-साडेसहाला सूर्य बुडतो. या चार अटी कागदावर लिहिल्या आणि मग नकाशा उघडला.

पहिला निर्णय दिशेचा, आणि तो बरेच लोक घेतच नाहीत. बेटाला घड्याळाच्या काट्याप्रमाणे फिरलं की समुद्र कायम डाव्या हाताला राहतो. आपली गाडीही डावीकडे. म्हणजे थांबायचं तर समोरून येणाऱ्या गाड्या ओलांडायला नकोत, आणि डाव्या खिडकीतल्या माणसाला मध्ये काही न येता पाणी दिसतं. ती खिडकी आईची. शिवाय सकाळी दक्षिण किनाऱ्याने पश्चिमेकडे निघालो की ऊन पाठीवर असतं, डोळ्यांत नाही. संध्याकाळी पश्चिम किनाऱ्यावर पोचतो तेव्हा सूर्य समोर पाण्यात उतरत असतो. उलट्या दिशेने गेलात तर सकाळभर डोळ्यांवर हात धरून गाडी चालवा.

तर सकाळी माहेबुर्गहून निघालो. सुईयाकपर्यंतच्या रस्त्यावर समुद्र जवळजवळ दिसतच नाही, नुसता ऊस. रस्त्याच्या कडेपर्यंत आलेला, पुरुषाच्या डोक्यावरून गेलेला. वळणावर पलीकडचं काही दिसत नाही, गाडी हळूच घ्यावी लागते. सुईयाकच्या ग्रीग्रीला पहिला थांबा. बेटाला जवळजवळ सगळीकडून प्रवाळाचं कडं आहे, त्यामुळे पाणी तळ्यासारखं शांत असतं. ग्रीग्रीला ते कडं तुटलेलं आहे. लाटा थेट काळ्या कड्यावर येऊन फुटतात. पोहायचं नाही, नुसतं उभं राहायचं. तिथून बेल ओंब्र, बे द्यू काप आणि माकोंदेचं वळण. हा तुकडा म्हणजे सगळ्या बेटाचा गाभा. एका बाजूला डोंगराचा कडा, दुसऱ्या बाजूला समुद्र, मधोमध गाडी. माकोंदेला समुद्रात घुसलेल्या खडकावर चढायला पायऱ्या आहेत. आई चढली नाही, खालच्या कठड्यावर बसून राहिली आणि म्हणाली, ‘दगड तर आपल्याच घाटातला दिसतोय.’

मुलीने लगेच फोनवर शोधलं. मग मीही घरी येऊन नीट वाचलं. आपल्या भूगोलाच्या सरांना हे आवडेल म्हणून सांगते. भूशास्त्रज्ञ मानतात की साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भारताचा तुकडा उत्तरेकडे सरकत असताना पृथ्वीच्या पोटातल्या एका तप्त जागेवरून गेला. तिथून लाव्हा वर आला आणि दख्खनचं पठार झालं. त्यात आपला बालाघाट आला, मांजरसुंब्याचा घाटही आला. पुढे कोट्यवधी वर्षांनी त्याच जागेतून समुद्रात मॉरिशस वर आलं, त्याला अजून कोटभर वर्षंही झाली नाहीत. म्हणजे आईचं म्हणणं खरं निघालं. एकाच चुलीवरच्या भाकरी, आपली आधी उतरली.

तो काळा दगड उसाच्या शेतांतही दिसतो. फडाच्या मधोमध दगडांचे मोठमोठे ढीग रचलेले असतात, काही तर पिरॅमिडसारखे. जमीन उसासाठी मोकळी करताना आधी गुलामांनी आणि नंतर आपल्या देशातून नेलेल्या मजुरांनी ते हातांनी वेचून रचले. एका ढिगापाशी गाडी थांबवायला आईने सांगितलं. ही थांबायची जागा माझ्या कागदावर नव्हती.

आपल्यापैकी अनेकांना माहीत आहे, काहींना नसेल. माझ्या आईने लग्नाच्या आधी आणि नंतर मिळून अकरा हंगाम ऊस तोडला आहे. आपल्या वर्गात दिवाळीनंतर किती बाकं रिकामी व्हायची ते आठवा. हजेरी घेताना बाई त्या नावांवर थांबायच्या नाहीत, पुढचं नाव घ्यायच्या. पाडव्याच्या सुमारास ती मुलं परत यायची, काही यायची नाहीत. मी बाकावर राहिले, कारण आजीने मला ठेवून घेतलं.

आई उसाकडे पाहत होती. ‘वाढं चांगलं आहे,’ म्हणाली. मग विचारलं, ‘इथं कोण तोडतं गं?’ मी सांगितलं, मोठ्या फडांत आता यंत्रं आहेत. तिने पाचटाचा एक तुकडा बोटांत चुरला आणि गाडीत येऊन बसली.

तिथून ल मॉर्न. समुद्रात उभा राहिलेला प्रचंड सुळका, युनेस्कोच्या यादीत 2008 पासून. पळून गेलेले गुलाम त्याच्या कपारींत लपून राहायचे. संध्याकाळ पश्चिम किनाऱ्यावर. नकाशा माहेबुर्ग ते ल मॉर्न दीड तासाच्या आसपास दाखवतो. आम्ही त्याला सहा तास दिले, आणि ते पुरले.

दुसऱ्या दिवशी डोंगरातला रस्ता: शामारेल, सात रंगांची माती, प्लेन शाम्पान्यचं जंगल आणि गंगा तलाव. मुलीला पुढच्या सीटवर बसवलं, सकाळी पोटभर खाऊ दिलं नाही, आणि घाट चढायचा तो उन्हाच्या आधी. गंगा तलाव म्हणजे जुन्या ज्वालामुखीच्या मुखातलं तळं. काठावर 33 मीटर उंच शंकराची मूर्ती आहे. महाशिवरात्रीला सगळ्या बेटावरून लोक पायी तिथे येतात, आपल्याकडे कपिलधारला येतात तसे. त्या दिवसांत गाडी घेऊन वर जाऊ नये. उतरताना कास्कावेलच्या बाजूने आलात तर लक्षात असू द्या, हा मराठी माणसांचा भाग आहे. कोकणातून गेलेल्यांचे पणतू-खापरपणतू. घरात क्रिओल बोलतात, पण गणेश चतुर्थीला त्या देशात सरकारी सुट्टी असते.

पोर्ट लुईचं आप्रवासी घाट मी मुद्दाम शेवटच्या दिवशी ठेवलं होतं, परतीच्या आधी, म्हणजे पुढे कुठे पोचायची घाई नको. 1834 ते 1920 या काळात साडेचार लाखांच्या आसपास माणसं करारावर या बेटावर आली. पहिले छत्तीस जण ‘अ‍ॅटलस’ जहाजातून 2 नोव्हेंबर 1834 ला उतरले. पाच वर्षांचा करार, महिना पाच रुपये. मी आईला मराठीत सांगत होते. तिने मध्येच विचारलं, ‘आधी काही देत होते का हातात?’ मी म्हटलं, हो, सहा महिन्यांचा पगार आगाऊ.

‘म्हणजे उचलच,’ आई म्हणाली. ‘आणि नेणारा मुकादम.’

मग ती दगडी पायऱ्यांवर बसली. तिथे बसू देतात की नाही, मी विचारलं नाही. अर्धा तास आम्ही कुणी काही बोललो नाही. विमान रात्रीचं होतं.

रस्त्याचा माझा कागद, खाडाखोडीसकट, बाहेर चहाच्या टेबलावर ठेवला आहे. झेरॉक्स काढून घ्या. थांब्यांच्या पुढे मिनिटं लिहिली आहेत, ती आईच्या गुडघ्यांच्या हिशेबाने आहेत. तुमचे गुडघे बरे असतील तर कमी करा. आणि ग्रीग्रीला वारा फार आहे, टोपी धरून ठेवा.